वीज गेल्यावर कॅमेरा काय पाहतो?

आमच्या कोकणातल्या घरात पहिला कॅमेरा आला तो १९६८ साली, माझ्या मुंजीला. दापोलीहून फोटोग्राफर आला होता. लाकडी घोडी, काळे फडके असा सारा सरंजाम त्याने अंगणात मांडला आणि घरातली यच्चयावत मंडळी श्वास रोखून उभी राहिली. त्या फोटोत आईचे डोळे मिटलेले आहेत. "तो मेला 'आता' म्हणालाच नाही," असे ती आजही सांगते.

दुसरा कॅमेरा आला तो २०२१ साली. मुठीएवढा, पांढरा, पडवीच्या तुळईला दोन स्क्रूंनी बसवलेला. हा तर 'आता' कधीच म्हणत नाही; अष्टौप्रहर पाहतच असतो. निदान आमची तशी समजूत होती. ती समजूत कशी मोडली आणि मोडल्यावर आम्ही काय केले, ते सांगण्यासाठी हा लेख. ज्यांचे आईवडील गावी एकटे राहतात, किंवा जे घराला कुलूप लावून सुटीत परगावी जाणार आहेत, त्यांनी तो जरा सावकाश वाचावा. इतरांनी फराळ करता करता चाळला तरी चालेल.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाचा वारा. रायगड आणि रत्नागिरीचा उत्तर भाग त्याने झोडपून काढला. दापोली तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब काडीसारखे मोडले, फोन मुके झाले. आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. वडील गेल्यापासून ती त्या घरात एकटीच राहते. दिवसा वाडीतले काम पाहायला एक गडी येतो, तेवढीच सोबत. आम्ही पुण्यात, आणि त्यात करोनाची टाळेबंदी. आठव्या दिवशी गावातला एक मुलगा मोबाइलला आवाज येईल अशा जागी चढून गेला आणि त्याने कळवले, "काका, आजी बरी आहे. कौले गेली, बाकी ठीक." ते आठ दिवस आमच्या घरी कोणी मोठ्याने बोलले नाही. पास काढून मी गावी पोचलो तेव्हा आई पडवीत बसून पोफळीच्या झावळ्या सोलत होती. मला पाहून म्हणाली, "आलास? चहा टाकते. दूध नाही हो."

पुण्यास चल, असे शंभरदा सांगून झाले होते. ती येणार नाही हे दिसल्यावर आमच्या कन्येने कॅमेऱ्याची टूम काढली. आईने दोन अटी घातल्या. कॅमेरा अंगणाकडे आणि पडवीकडे पाहील. माजघर आणि देवघर त्याने पाहायचे नाही. दुसरी अट, पाहताय तर बोलायचेही. नुसते चोरासारखे पाहायचे नाही. दोन्ही मान्य झाल्या. कॅमेऱ्याला कान होते आणि तोंडही होते. नातीने समजावले, "आजी, काही लागले तर नुसती हाक मार. आम्हाला ऐकू येते."

हे वाक्य ध्यानात ठेवावे.

२०२३ च्या श्रावणातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला गावातली वीज गेली. कोकणात पावसाळ्यात वीज जाणे ही बातमी नव्हे. फांदी पडते, डीपीवरचा फ्यूज उडतो, वायरमन येतो तेव्हा येतो. रात्री नऊ वाजता जेवण आटोपून मी सवयीप्रमाणे मोबाइल उघडला. आई झोपाळ्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. बरे वाटले. मोबाइल ठेवला आणि झोपलो.

वास्तविक ते चित्र दुपारी चारचे होते. कॅमेरा बंद पडला की ॲपमध्ये शेवटचे चित्र तसेच गोठून राहते, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत तो बंद असल्याचे लिहिलेले असते. ते वाचायला चष्मा लागतो, आणि तो मी काढून ठेवला होता. पण चष्म्याचे निमित्त कशाला सांगू? चित्रात उजेड होता. रात्री नऊ वाजता आमच्या पडवीत दिवसाचा उजेड कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

आई तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावायला उतरली होती. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला. खुब्याचे हाड मोडले. पायरी कॅमेऱ्यापासून दहा फुटांवर, अगदी त्याच्या नजरेसमोर. सकाळी सहाला दूधवाली आली तोवर ती तिथेच होती, जवळजवळ अकरा तास. पाऊस मध्यरात्री थांबला एवढीच देवाची कृपा.

शस्त्रक्रिया झाली, ती पार पडली. तिसऱ्या दिवशी जरा हुशारी आल्यावर आई माझ्याकडे पाहून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी हाका मारल्या रे त्याला. पुष्कळ मारल्या. म्हटले, तुला झोप लागली असेल."

त्यानंतर मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत केला नसेल इतका अभ्यास या एका विषयाचा केला.

पहिली गोष्ट कळली ती ही की, कॅमेरा ही एक वस्तू नसून चार माणसांची साखळी आहे. आपण ज्याला कॅमेरा म्हणतो तो तिच्यातला पहिला. त्याच्यामागे राउटर, राउटरमागे भिंतीवरची ती डबी, जिच्यात बाहेरून काचेची तार येते (पुष्कळदा या दोन्ही एकाच पेटीत असतात), आणि त्याहीमागे बाजारपेठेतल्या केबलवाल्याच्या दुकानातले यंत्र. काचेच्या तारेला स्वतःला वीज लागत नाही, पण तिच्या दोन्ही टोकांना लागते. यांतल्या एकाचाही दिवा मालवला की, पुण्यातल्या माणसाच्या दृष्टीने सारेच मालवले. पुष्कळ लोक कॅमेऱ्याला बॅटरी जोडतात आणि राउटरला विसरतात. म्हणजे पोस्टमनला छत्री दिली, पण पोस्टच बंद!

दुसरी गोष्ट मेमरी कार्डाची. कॅमेऱ्याच्या पोटात कार्ड असेल तर इंटरनेट गेले तरी चित्रण चालू राहते, मात्र कॅमेऱ्याला वीज हवी. साध्या कॅमेऱ्याचे चित्रण ६४ जीबीच्या कार्डावर चारएक दिवसांचे राहते, मग जुने पुसून नवे लिहिले जाते. चोराचा तपास करायला हे उपयोगी. पण पडलेल्या माणसाला उद्या सापडणाऱ्या चित्रणाचा काय उपयोग? तेव्हा आपण कॅमेरा चोरासाठी बसवला आहे की माणसासाठी, हे आधी ठरवावे. दोहोंची व्यवस्था निराळी.

चोरावरून आठवले. पुण्यात आमच्या सोसायटीच्या जिन्याखालून एक स्कूटर गेली. गुरुवार होता, दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती. वीज आली तसा जिन्यातला कॅमेरा जागा झाला, पण राउटर काही केल्या इंटरनेटला लागेना. आणि नेमका त्याच मधल्या वेळात तो सद्गृहस्थ आला. चित्रण उत्तम, चेहरा स्वच्छ. फक्त वर तारीख होती १ जानेवारी १९७०, सकाळचे साडेपाच! अशा स्वस्त कॅमेऱ्यांच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते. जागे झाल्यावर ते इंटरनेटवरून वेळ विचारून घेतात, आणि उत्तर आले नाही तर संगणकशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे १९७० च्या पहिल्या क्षणापासून मोजू लागतात. ग्रीनविचची मध्यरात्र म्हणजे आपले साडेपाच. त्या हिशेबाने स्कूटर गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि सोसायटीच्या जागी बहुधा ज्वारी होती. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी ते दोनदा पाहिले आणि आमच्या चिटणिसांकडे तिसऱ्यांदा पाहिले.

आता मुख्य प्रश्न विजेचा. पहिल्या झटक्यात मी चूक केली, आणि चांगली महागडी केली. दुकानदार म्हणाला, "काका, दीडशे अँपिअरची बॅटरी आणि इन्व्हर्टर घ्या, घरभर उजेड करा." घेतला. आई चार महिन्यांनी काठी टेकत घरी परतली तेव्हा घर झगमगत होते. मग जून २०२४ मध्ये वीज गेली ती दोन दिवस. पहिल्या रात्री नऊ वाजताच कॅमेरा बंद! घाबरून शेजारच्या काकींना फोन लावला. काकी म्हणाल्या, "आम्ही सगळे तुझ्याकडेच आहोत. सासूबाई, सुना, पोरे, सगळी. मालिका चालू होती ना." साऱ्या आळीत वीज असलेले एकच घर, आईच्या ओसरीवर चौदा मोबाइल चार्जिंगला लागलेले, तीन पंखे दुपारपासून फिरताहेत, टीव्ही चालू. आई कोणाला नाही म्हणणार?

हिशेब अगदी सोपा आहे, पण तो मी आधी केला नव्हता. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. ती पूर्ण उपसायची नसते आणि इन्व्हर्टर मधे आपला कर घेतोच, म्हणून हाती बाराशे-तेराशे पडतात. जुना पंखा ७५ वॅट खातो. तीन पंख्यांना पाच-सहा तास पुरे झाले. उलट माझा कॅमेरा खातो ४ वॅट आणि राउटर डबीसकट ९. रात्री काळोखात पाहण्यासाठी कॅमेरा जे अदृश्य दिवे लावतो त्यांना थोडे अधिक. चोवीस तासांचे मिळून तीनशेच्या आसपास. म्हणजे माझ्या मुंगीला मी हत्तीच्या पाठीवर बसवले होते, आणि हत्ती गावाने वरातीला नेला. शिवाय एवढासा भार असला तरी मोठा इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यासाठी दहा-वीस वॅट खातच असतो. वरातीला हत्ती असावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुंगीचे दाणे निराळ्या डब्यात हवेत.

तो निराळा डबा आम्ही असा केला. १२ व्होल्टची, ५० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट जातीची एक बॅटरी माजघराबाहेरच्या फडताळात. तिच्यावर फक्त कॅमेरा आणि राउटर. तिला सॉकेटच नाही, त्यामुळे कोणी मोबाइल लावू शकत नाही. (आईने यावर नापसंती दर्शवली.) बॅटरीतून निघणाऱ्या तारेवर, अगदी मुळाशी, फ्यूज. ही बॅटरी भरताना १४ व्होल्टच्या वर चढते, म्हणून राउटरला नेमके १२ आणि कॅमेऱ्याला नेमके ५ व्होल्ट देणारे दोन छोटे कन्व्हर्टर मधे. एवढ्याने चाळीस-पंचेचाळीस तास निघतात. कौलांवर १०० वॅटचे सौर पॅनल आहे, पण आषाढातल्या ढगांत त्याच्याकडून उन्हाळ्याच्या चौथाईचीही आशा धरू नये. ते मामाकडून येणाऱ्या मनिऑर्डरसारखे. आली तर आली.

शहरातल्या फ्लॅटमध्ये इतका खटाटोप नको. राउटरसाठी दीड-दोन हजारांत छोटा यूपीएस मिळतो, तो तीन-चार तास काढतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेच मागावे. एका वायफाय कॅमेऱ्याला साधी पॉवर बँकही चालते. मात्र ती भरत असताना पुढेही वीज देते ना, आणि वीज जाता-येता कॅमेरा डोळा मिटून पुन्हा उघडत नाही ना, हे मेन स्विच बंद करून घरीच पाहावे. चार कॅमेरे आणि रेकॉर्डर अशी तारांची व्यवस्था असेल तर मिळून ३५-४० वॅट लागतात; संगणकाचा जुना यूपीएस त्याला तासभर पुरतो, अधिक नव्हे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस' असे लिहिलेला एक खटका बहुधा असतो. तो त्या बाजूला असावा. नाहीतर वीज गेल्याच्या क्षणी रेकॉर्डर दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पाण्याच्या बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर पाहावे, नळाचे पाणी कदापि घालू नये, आणि ती बंद कपाटात ठेवू नये. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

आमच्या साखळीतला चौथा मनुष्य मात्र बाजारपेठेत होता. मी त्या केबलवाल्या मुलाला जाऊन भेटलो. म्हणाला, "काका, माझी बॅटरी सहा तास. पुढे मी काय करू?" खरेच होते. मग चौकशी करता कळले की, त्याच्या तारेवर अशी आणखी पाच घरे आहेत, जिथे म्हातारी माणसे एकटी आणि मुले मुंबई-पुण्यास. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढली. त्याने एक लहानसे जनरेटर घेतले. लांबलेल्या अंधारात पेट्रोलचा खर्च आम्ही वाटून देतो. त्या पाच घरांतल्या मुलांशी माझी ओळख नव्हती. आता आम्ही एकमेकांच्या आईवडिलांच्या औषधांच्या वेळाही जाणतो.

पण या साऱ्याच्या आधी आम्ही केलेली गोष्ट बिनखर्चाची होती, आणि इतर काहीच जमणार नसेल त्यांनी निदान एवढी करावी. कॅमेरा बंद पडला तर आपल्या मोबाइलवर सूचना यावी अशी सोय पुष्कळ ॲपमध्ये असते; कुठे ती आपणहून सुरू नसते, शोधून सुरू करावी लागते. मी, सौ. आणि कन्या अशा तिघांच्या मोबाइलवर ती आहे. सूचना आली की पाव तासाच्या आत शेजारच्या काकींना फोन. फोन लागला नाही तर वाडीतल्या गड्याला, त्यालाही नाही लागला तर दूधवालीला. हे क्रमांक कागदावर लिहून फ्रीजवर लावले आहेत. पहिल्या महिन्यात काकी अकरा वेळा आमच्या आईकडे धावल्या. बाराव्या वेळी म्हणाल्या, "अरे, मी आता तिकडेच राहायला जाते." रात्री सोबतीला येणारी बाई मिळाली ती पुढे काकींच्याच ओळखीने.

यंदाच्या जुलैत या व्यवस्थेची परीक्षा झाली. दोन दिवस धो धो पाऊस, कुठेतरी मोठी झाडे तारांवर पडली आणि बेचाळीस तास वीज नव्हती. पहिली रात्र सुरळीत गेली. दुसऱ्या रात्री ओढ्याला पाणी आले आणि सोबतीची बाई येऊ शकली नाही. काकी मुलीकडे चिपळूणला. गावातले मोबाइल संध्याकाळीच गप्प झाले होते. आम्ही तिघेही जेवणाच्या टेबलापाशी बसून त्या एवढ्याशा पडद्याकडे पाहत होतो. काळीपांढरी पडवी, मागे पावसाच्या रेघा, हलणारा झोपाळा. बॅटरीत किती उरले असेल याचा हिशेब मी पाठपोट केलेल्या पाकिटावर तिसऱ्यांदा करत होतो.

साडेआठला आई काठी टेकत बाहेर आली. हातात जुना कंदील होता. रॉकेल आता कुठले मिळायला. तिने काचेच्या आत खोबरेल तेलाची पणती ठेवली होती. तुळईजवळच्या खुंटीला, कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी, तिने तो कंदील अडकवला. कॅमेऱ्याला अंधारात दिसते, हे तिला चार वर्षे सांगून झाले आहे. क्षणात काचेवरून प्रकाश उलटा फिरला आणि पडद्यावर एक पांढरा गोळा तेवढा उरला. पडवी गेली, झोपाळा गेला, आई गेली.

"बाबा, आजीला सांगा ना काढायला," कन्या म्हणाली. "काहीच दिसत नाहीये."

मी बोलण्याचे बटण दाबले आणि "आई" म्हणालो.

"हो रे, आहे मी," गोळ्यातून आवाज आला, अगदी स्वच्छ. "तुम्हाला अंधार वाटायला नको म्हणून लावलाय. जेवलात का? मी कडी लावून घेते."

कडीचा आवाज ऐकू आला. कंदील काढ असे मी सांगितले नाही.